रँग्लर, गाल्टन आणि लाकडी चमचा

आपल्याकडे काही माणसांच्या नावाआधी एखादा शब्द असा चिकटतो की मूळ नाव मागेच पडतं. लोकमान्य, महर्षी, सेनापती. त्याच रांगेत एक शब्द बसलाय 'रँग्लर'. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी. गंमत बघा, पहिले तीन शब्द लोकांनी माणसाच्या कामासाठी दिले. चौथा शब्द मात्र चक्क एका परीक्षेचा निकाल आहे! रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनचे प्राचार्य होते, मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर झाले. एवढं सगळं करूनही मराठी माणसाने त्यांना आयुष्यभर त्यांच्या रिझल्टनेच हाक मारली.

या शनिवार-रविवारी मी त्या परीक्षेच्याच मागे लागलो होतो. निमित्त घरचंच. मामेबहीण यंदा बारावीला आहे, वर सीईटी आणि जेईई. परवा फोनवर ती म्हणाली, "दादा, टेन्शन मॅनेज कसं करायचं ते सांग, पण प्लीज 'टेन्शन घेऊ नकोस' असं सांगू नकोस." रास्त आहे. 'टेन्शन घेऊ नकोस' हा सल्ला म्हणजे पावसात उभ्या असलेल्या माणसाला 'भिजू नकोस' म्हणण्यासारखा. तेव्हा म्हटलं, आधी हे बघू की हा पाऊस पहिल्यांदा पडला कुठे.

तर मंडळी, केंब्रिज.

केंब्रिज विद्यापीठात गणिताची एक परीक्षा होती, आजही आहे. तिचं नाव मॅथेमॅटिकल ट्रायपॉस. फार पूर्वी परीक्षा म्हणजे तोंडी वादविवाद असायचा, तोही लॅटिनमध्ये. एकाने सिद्धान्त मांडायचा, बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. 'रँग्लर' म्हणजे मुळात भांडखोर, वाद घालणारा. अठराव्या शतकात हळूहळू लेखी उत्तरं आली, आणि लेखी उत्तरांमागोमाग एक भयंकर गोष्ट आली. क्रमांक. पास होणाऱ्या मुलांची पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच यादी. वरचा गट रँग्लर, मधला सीनियर ऑप्टिमे, खालचा ज्युनियर ऑप्टिमे. म्हणजे रँग्लर हा एकच माणूस नसतो, पहिल्या वर्गात येणारे सगळेच रँग्लर. त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. १८९९ साली परांजपे पहिले आले ते जॉर्ज बर्टविसल नावाच्या मुलाबरोबर विभागून. दापोलीजवळच्या मुर्डी गावचा मुलगा साहेबाच्या देशात जाऊन साहेबाच्याच गणितात पहिला! त्या काळातल्या महाराष्ट्राला काय वाटलं असेल याची कल्पना करा, म्हणजे तो शब्द त्यांना का चिकटला हे कळतं.

आता या परीक्षेचे स्पेसिफिकेशन्स बघू. १८५४ साली ट्रायपॉसचे १६ पेपर होते, आठ दिवसांत, एकूण साडेचव्वेचाळीस तास. प्रश्न २११. परीक्षा भर जानेवारीत, सेनेट हाउस नावाच्या संगमरवरी फरशीच्या दालनात, जिथे ऊब म्हणून काही नाही. त्या वर्षी परीक्षेला बसलेला एक मुलगा होता जेम्स क्लार्क मॅक्सवेल. हो, तोच, ज्याच्या चार समीकरणांनी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या तीन पिढ्यांना रडवलंय. त्याच्या वडिलांनी त्याला पत्रातून बजावलं होतं की मनगटं झाकायला लोकरी पट्टे घे आणि पाय गुंडाळायला घोंगडी ने. वडील सगळीकडे सारखेच. आपल्याकडे पाण्याची बाटली आणि जास्तीचं पेन, तिकडे घोंगडी.

पण खरा धक्का मला मार्कांचा बसला. फ्रान्सिस गाल्टन याने १८६९ साली 'हेरेडिटरी जीनियस' नावाचं पुस्तक छापलं, त्यात एका वर्षाचे आकडे दिलेत. एकूण गुण १७,०००. पहिला आला त्याला ७,६३४. दुसऱ्याला ४,१२३. आणि यादीत सगळ्यात शेवटी असलेल्याला २३७. टक्क्यांत सांगायचं तर पहिल्याला ४५ टक्क्यांच्या आत, दुसऱ्याला २४ आणि शेवटच्याला दीड टक्काही नाही. आणि तो शेवटचाही ऑनर्ससह पास!

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. ही परीक्षा मुलांना काय येतं हे बघण्यासाठी बनवलेलीच नव्हती. ती मुलांना एकमेकांपासून वेगळं काढण्यासाठी बनवलेली होती. सगळ्यात हुशार मुलगासुद्धा अर्ध्या पेपरात गटांगळ्या खाईल एवढा पेपर लांब आणि अवघड ठेवायचा, म्हणजे वरच्या दोघांत फरक दिसतो. आपल्या धंद्यात याला स्ट्रेस टेस्ट म्हणतात. सर्व्हरवर लोड वाढवत न्यायचा, तो कुठे कोसळतो ते बघायचं. फरक एवढाच की शहाणा माणूस स्ट्रेस टेस्ट टेस्ट एन्व्हायर्नमेंटवर करतो, प्रॉडक्शनवर नाही. इथे सर्व्हर म्हणजे वीस-बावीस वर्षांची जिवंत मुलं होती.

मग ती कोसळायची का? कोसळायची. मॅक्सवेल १८५३ च्या उन्हाळ्यात, म्हणजे परीक्षेच्या काही महिने आधी, अभ्यासाच्या अतिताणाने आजारी पडला आणि महिनाभर अंथरुणाला खिळला. तेव्हाचे लोक त्याला 'मेंदूचा ताप' म्हणत. १८५९ चा सीनियर रँग्लर जेम्स विल्सन परीक्षा संपल्यावर मनाने खचला, आणि बरा झाला तेव्हा केंब्रिजमध्ये शिकलेलं सगळं वरच्या दर्जाचं गणित तो विसरून गेला होता. पहिला नंबर राहिला, गणित गेलं! बर्ट्रांड रसेल १८९३ साली सातवा रँग्लर झाला आणि परीक्षा संपल्यावर त्याने आपली गणिताची पुस्तकं विकून टाकली. आपल्याकडे शेवटच्या पेपरनंतर गाईडं रद्दीत घालतात, तेच.

आणि वर ज्याच्या पुस्तकातून आकडे दिले तो गाल्टन? तो स्वतः याच परीक्षेची तयारी करत होता. तिसऱ्या वर्षी त्याची तब्येत पार ढासळली. म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत तो सांगतो की डोक्यात एखादी गिरणी फिरत असल्यासारखं वाटायचं, छापलेल्या पानाकडे बघवत नसे. शेवटी ऑनर्सचा नाद सोडून १८४४ साली त्याने साधी पदवी घेतली. एखाद्याला वाटेल, असा माणूस पुढे क्रमवारीचा द्वेष करेल. झालं उलटंच. त्याने आख्खी मानवजातच एका घंटेच्या आकाराच्या आलेखावर क्रमाने मांडायला घेतली, आणि १८८३ साली 'युजेनिक्स' हा शब्द काढला, ज्याच्या नावाखाली पुढच्या शतकात जगभर अत्याचार झाले. एका परीक्षेतल्या अपयशाने हे सगळं झालं असं मी म्हणणार नाही, ते फारच स्वस्त मानसशास्त्र होईल. पण ज्याच्या हाडीमाशी नंबर मुरलाय, त्याला आपण यादीत नाही याचं दुःख होतं. यादीच नको हे त्याच्या मनातसुद्धा येत नाही.

आता बहिणीच्या प्रश्नाकडे. या मुलांनी टेन्शन मॅनेज कसं केलं? आणि इथे केंब्रिजचं कौतुक करावं लागतं, कारण एकोणिसाव्या शतकात तिथल्या मुलांनी आणि त्यांच्या क्लासवाल्यांनी मिळून या विषयाचं जवळजवळ शास्त्र बनवलं. हो, क्लासवाले तिथेही होते. विद्यापीठाची लेक्चर्स बाजूला, खरी तयारी खाजगी कोचकडे. आपल्या लातूर पॅटर्नच्या दीडशे वर्षं आधी केंब्रिज पॅटर्न होता.

त्यातला सगळ्यात मोठा कोच एडवर्ड राउथ. १८५४ साली मॅक्सवेल दुसरा आला, तेव्हा पहिला आला तो हा राउथ. पुढे त्याने तीसेक वर्षांत सहाशेच्या वर मुलांना शिकवलं आणि त्यांतले २७ सीनियर रँग्लर झाले. सलग कित्येक वर्षं पहिला नंबर याच्याच क्लासचा. जाहिरातीची गरजच नाही! त्याची पद्धत साधी होती. लहान तुकड्या, एका वेळी दहाच्या आत मुलं. ठरलेल्या वेळी एक तास शिकवणं. आणि दर आठवड्याला घड्याळ लावून सोडवायचा प्रश्नांचा संच. वाचत बसणं कमी, सोडवणं जास्त. याला पुरावा मिळायला २००६ साल उजाडलं. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी केलेल्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. म्हणजे पुन्हा पुन्हा वाचल्याने 'येतंय' असं वाटतं, आणि न बघता सोडवल्याने खरोखर येतं. परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या टेन्शनमधलं निम्मं टेन्शन या दोन्हींमधल्या फरकाचं असतं.

दुसरी गोष्ट चालणं. दुपारी पुस्तक मिटायचं आणि शहराबाहेर काही मैल चालून यायचं, हा अभ्यासू मुलांचा नेमच होता. कुणी होड्या वल्हवायचे. हे टाइमपास म्हणून नव्हतं, अभ्यासाचाच भाग होता. सकाळचं गणित डोक्यात बसायला दुपार मोकळी हवी, असा त्यांचा हिशोब. राउथ स्वतःही रोजची रपेट चुकवत नसे.

तिसरी गोष्ट झोप, आणि इथे पुन्हा मॅक्सवेल. या पठ्ठ्याने विद्यार्थी असताना झोपेवर प्रयोग केला. संध्याकाळी पाच ते साडेनऊ झोपायचं, दहा ते दोन अभ्यास, मग रात्री दोन ते अडीच व्यायाम, आणि अडीच ते सात पुन्हा झोप. व्यायाम म्हणजे हॉस्टेलच्या बोळातून पळायचं, जिने चढायचे, उतरायचे. रात्री दोन वाजता! बाकीची मुलं दारामागे बूट आणि ब्रश घेऊन दबा धरून बसायची आणि तो जाताना फेकून मारायची. प्रयोग तिथेच आटोपला. जगातल्या सगळ्या हॉस्टेलांमध्ये हा प्रयोग दरवर्षी कुणीतरी करतो आणि दरवर्षी तो असाच संपतो :)

म्हणजे विद्यार्थ्याच्या हातात जे होतं, ते सगळं त्या मुलांनी केलं. वेळापत्रक, सराव, चालणं, झोप. शंभर वर्षं ही मंडळी माणसाची क्षमता वाढवत होती. आणि टेन्शन कमी झालं का? नाही. कारण सगळ्यांचीच क्षमता वाढली की पेपर आणखी अवघड होतो, नंबर एक तरी एकच राहतो. इंजिनियरिंगच्या भाषेत, दोन नॉब होते. एक विद्यार्थ्याच्या हातात, एक परीक्षा बनवणाऱ्याच्या. सगळे मिळून पहिलाच नॉब फिरवत बसले होते.

क्रमवारीचा वेडेपणा किती होता याची दोन उदाहरणं. १८९० साली फिलिपा फॉसेट या मुलीला सगळ्यात जास्त गुण मिळाले, दुसऱ्यापेक्षा तेरा टक्के जास्त. पण मुलींना यादीत क्रमांक देत नसत. म्हणून तिचा निकाल वाचला गेला तो 'सीनियर रँग्लरच्या वर' असा! पहिल्याच्या वर कोण असतं हे कुणी विचारू नये. केंब्रिजने बायकांना पदव्या द्यायला १९४८ साल उजाडलं. दुसरं उदाहरण यादीच्या दुसऱ्या टोकाचं. ज्युनियर ऑप्टिमेंमध्ये सगळ्यात शेवटी आलेल्या मुलाला पदवी घेताना मित्र एक भलामोठा लाकडी चमचा देत. गॅलरीतून दोरीने खाली सोडत, सगळ्यांसमोर. पहिल्याला आयुष्यभराचं बिरुद, शेवटच्याला चमचा. दोघांत फरक एका आठवड्यातल्या काही तासांचा.

शेवटी आतल्याच काही लोकांनी दुसरा नॉब पकडला. त्यांत पुढे होता जी. एच. हार्डी, जो १८९८ साली चौथा रँग्लर होता आणि या परीक्षेने इंग्लंडचं गणित मागे ठेवलं असं ज्याचं ठाम मत होतं. (हाच हार्डी पुढे रामानुजनला केंब्रिजला घेऊन गेला. तो रामानुजन, जो कॉलेजच्या परीक्षेत गणित सोडून बाकी विषयांत नापास होत होता.) बरीच वादावादी झाली, मतदान झालं आणि १९०९ साली क्रमांकांची यादी शेवटची लागली. त्यानंतर वर्ग राहिले, परीक्षा राहिली, रँग्लर हा शब्दही राहिला. फक्त वर्गाच्या आतली नावं अक्षरांच्या क्रमाने छापली जाऊ लागली. बस. शेवटचा चमचा मिळाला होल्टहाउस नावाच्या मुलाला, परांजप्यांच्याच सेंट जॉन्स कॉलेजच्या. होड्या वल्हवणारा गडी, म्हणून चमचाही वल्ह्यासारखा, मीटरभरापेक्षा लांब. केंब्रिज काही बुडालं नाही. उलट त्यानंतरचं तिथलं गणित आधीपेक्षा सरस ठरलं, असंच बहुतेक गणितज्ञ मानतात.

योगायोग असा की त्याच्या आदल्याच वर्षी, १९०८ साली, अमेरिकेत यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवरचा प्रयोग छापला. उंदराने बरोबर खोका ओळखायचा, चुकला तर विजेचा झटका. खोके ओळखणं सोपं असेल तर झटका वाढवला की उंदीर लवकर शिकायचे. पण काम अवघड केलं, तर जोराचा झटका बसणारे उंदीर मागे पडायचे, मध्यम झटकेवाले पुढे. उंदीर आणि बारावीचा विद्यार्थी यांत फरक आहे हे मान्य, पण घरात 'भीती घातल्याशिवाय पोरं अभ्यास करत नाहीत' हे वाक्य ऐकलं की मला ते झटके आठवतात. पाढे पाठ करायला कदाचित भीती चालेल. जेईईचं फिजिक्स हे अवघड खोक्यांचं काम आहे.

आता आपल्याकडे. आमच्याआधीच्या पिढीत दहावी-बारावीची मेरिट लिस्ट पेपरात छापून यायची, पेढा भरवतानाच्या फोटोसकट. बोर्डाने ती यादी बंद केली, तेव्हा 'आता गुणवत्तेचं काय होणार' म्हणून ओरड झालीच. काही झालं नाही. म्हणजे १९०९ चाच प्रयोग आपणही केला आणि पचवला. प्रवेश परीक्षांचं तसं करता येत नाही, हे खरं. जागा मोजक्या आणि मुलं लाखोंनी, तिथे कुणीतरी रांग लावणारच. पण म्हणून प्रत्येक युनिट टेस्टची, प्रत्येक प्रिलिमची, क्लासच्या प्रत्येक रविवारच्या पेपरची यादी भिंतीवर लावायलाच हवी असं नाही. रांग एकदाच लागते, आपण तिची रोज रंगीत तालीम करतो.

चांगला नॉब कसा असतो याचं एक देशी उदाहरण आपल्यापैकी अनेकांना जवळून माहिती आहे. एटीकेटी! अलाऊड टू कीप टर्म्स. 'टर्म्स कीप करणं' हा मूळ ऑक्सफर्ड-केंब्रिजचाच शब्दप्रयोग, अमुक इतक्या सत्रांची हजेरी भरणं या अर्थाचा. आपण त्याला 'केटी लागली' म्हणून हिणवतो, पण डिझाइन म्हणून बघा. एक विषय गेला तरी पुढे जा, मागचा नंतर सोडव. एक मॉड्यूल फेल झालं म्हणून आख्खी सिस्टीम खाली येत नाही.

कधीकधी तेही पुरत नाही. आमच्या बॅचमधला एक मुलगा तिसऱ्या वर्षी वायडी झाला. कॉलेजने नोटीस बोर्डावर नावांची यादी लावली, एवढंच केलं. त्यानंतर तो खोलीतून बाहेर पडेनासा झाला. हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं असेल? मेसच्या मावशींच्या. त्या पोळ्या मोजून करायच्या. चार दिवस पोळ्या उरल्या तेव्हा ताट घेऊन त्या स्वतः जिना चढल्या. रिझल्टचं एक अक्षर विचारलं नाही. "जेवून घे, मग आईला फोन लावू," एवढंच. आई दुसऱ्या दिवशी आली, डॉक्टरांकडे नेलं, तो सहा महिने घरी राहिला. एक वर्ष उशिरा पास झाला. आज नाशिकला चांगली नोकरी करतो आणि त्याला त्या वर्षाबद्दल कुणी विचारत नाही, कारण पाच वर्षांनी ते कुणालाच विचारावंसं वाटत नाही.

तर बहिणीला मी जे लिहून पाठवलं ते असं. वाचण्यापेक्षा घड्याळ लावून सोडव. संध्याकाळी तासभर चाल, मोबाईल घरी ठेवून. झोपेवर प्रयोग करू नकोस, मॅक्सवेललासुद्धा जमलं नाही. पेपर अवघड गेला तर तो तसा जावा म्हणूनच बनवलाय हे लक्षात ठेव. गिरणी डोक्यात फिरायला लागली, झोप-जेवण उडालं, तर ते अभ्यासाचं लक्षण नाही, आजाराचं आहे. तेव्हा आईला सांग, मला सांग, डॉक्टरांकडे जाऊ. आणि मध्यरात्री कुणाशीच बोलवत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलता येतं.

आणि मामाला वेगळं पत्र लिहिलं, कारण दुसऱ्या नॉबचा एक छोटा तुकडा त्याच्या हातात आहे. त्याला म्हटलं, प्रिलिमनंतर 'कितवी आलीस' ऐवजी 'कुठला प्रश्न अडला' एवढंच विचारून बघ. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराचं ती काहीच करू शकत नाही. दुसऱ्याच्या उत्तराचं दोघं मिळून करता येतं.

जाता जाता, हे वाचणारे बहुतेक जण परीक्षांमधून केव्हाच सुटलेत असं समजत असतील, त्यांच्यासाठी. अप्रेझलचा बेल कर्व्ह म्हणजे गाल्टनचा आवडता आलेख. टीममधल्या दहाही जणांनी झकास काम केलं, तरी एकाच्या हातात चमचा द्यायचाच. मायक्रोसॉफ्टने २०१३ साली ही सक्तीची क्रमवारी बंद केली, आणि तीही काही बुडाली नाही. तुमच्यापैकी जे लीड झालेत, मॅनेजर झालेत, त्यांच्या हातात आता कुणाच्या तरी टेन्शनचा नॉब आहे. सोमवारी ऑफिसला गेलात की बघा, कुठल्या बाजूला फिरवलाय तो.

असो. चहा निवला. पुढच्या शनिवारी भेटू.